ग्रेस हॉपर : संगणकाला माणसाची भाषा शिकविणाऱ्या बाई



दिवाळीच्या सुटीनंतर बारावीतील एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने माझ्या कार्यालयात आली. तिने घरच्या संगणकावर पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. एकूण गुण ४३७, विषय ५, आणि घरी उत्तर आले ८७.४. तोच प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन ती शाळेत आली आणि आपल्या संगणक कक्षात चालविला, तर उत्तर आले ८७. चूक झाल्याचा कसलाही संदेश पडद्यावर आला नाही. यंत्राने निमूटपणे दशांश खाऊन टाकला होता. प्रात्यक्षिकाच्या वहीत कोणते उत्तर लिहू, असा तिचा प्रश्न होता. मला त्यातले फारसे कळत नाही, हे मी तिला मोकळेपणाने सांगितले आणि आम्ही दोघी मिळून संगणकाच्या सरांकडे गेलो.

कारण अर्ध्या तासात सापडले. त्या संगणकावर पायथन या भाषेच्या दोन आवृत्त्या नांदत होत्या, एक जुनी म्हणजे दुसरी आणि एक नवी म्हणजे तिसरी. नुसते पायथन असे नाव टाइप केले की त्या यंत्रावर जुनी आवृत्ती पुढे येई. जुन्या आवृत्तीचा नियम असा की पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच द्यायचे. २००८ साली तिसरी आवृत्ती आली, तिने हा नियम बदलला. जुन्या आवृत्तीची देखभाल तिच्या कर्त्यांनी १ जानेवारी २०२० पासून बंद केली, म्हणून मग जुनी काढूनच टाकावी, असे पुढच्या बैठकीत एका विश्वस्तांनी सुचविले. सर म्हणाले, तसे करता येणार नाही, कारण आपल्या शुल्काच्या पावत्यांचा प्रोग्राम एका माजी विद्यार्थ्याने त्याच जुन्या आवृत्तीत लिहून दिलेला आहे. जुनी काढली की पावत्या बंद. पावत्यांचा प्रोग्राम नव्या आवृत्तीत पुन्हा लिहून घ्यायचा तर खर्च आहे. बैठक बराच वेळ चालली आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

त्या रात्री मी याविषयी थोडे वाचावयास बसले आणि वाचता वाचता एका बाईंच्या आयुष्यात शिरले. आपल्या कक्षातील भांडण त्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी, आपल्यापेक्षा हजारपट मोठ्या प्रमाणावर भांडून घेतले होते. त्यांचे नाव ग्रेस हॉपर. आपल्या मुलांना त्यांचे नाव बहुधा प्रश्नमंजूषेपुरते माहीत असते. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र सांगते.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत ती थोरली. वडील विम्याच्या व्यवसायात होते. रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले आणि ते लाकडी पायांवर चालू लागले. आपण किती काळ जगू याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळावे, त्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. आईला गणिताची आवड होती. पणजोबा अमेरिकेच्या आरमारात अ‍ॅडमिरल होते आणि त्यांची छाप लहानग्या ग्रेसच्या मनावर कायमची बसली.

सात वर्षांची असताना तिने घरातले गजराचे घड्याळ उघडले, ते कसे चालते ते पाहावे म्हणून. पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले. असे करत करत घरातील सात घड्याळे खिळखिळी झाली, तेव्हा आईच्या लक्षात आले. आईने मारले नाही की ओरडले नाही. यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचे, एवढी अट घातली. (पालकांनी हा प्रसंग दोनदा वाचावा, ही विनंती. आपल्याकडे मोबाइल उघडणाऱ्या मुलाचे काय होते, ते मी रोज ऐकते.)

सोळाव्या वर्षी तिने व्हॅसर या महिला महाविद्यालयात प्रवेशासाठी परीक्षा दिली आणि लॅटिन भाषेत नापास झाली. एक वर्ष थांबून पुन्हा बसली, प्रवेश मिळाला आणि १९२८ साली गणित व पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाली. पुढे येल विद्यापीठातून १९३० साली एम.ए. आणि १९३४ साली गणितात पीएच.डी. त्या काळात अमेरिकेतही गणितातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या स्त्रिया फार थोड्या होत्या. १९३० साली त्यांचा विवाह साहित्याचे प्राध्यापक व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी झाला. विवाह पुढे टिकला नाही, १९४५ साली घटस्फोट झाला, पण हॉपर हे नाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

१९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच शिकवू लागल्या. त्यांच्या शिकविण्याची एक गोष्ट मला फार आवडली. संभाव्यतेच्या वर्गात त्या एक सूत्र समजावून देत आणि मग विद्यार्थिनींना त्यावर निबंध लिहावयास सांगत. निबंधातील भाषा तपासून, तांबड्या खुणा करून परत देत. मुली कुरकुरत की आम्ही गणित शिकायला आलो आहोत, इंग्रजी नव्हे. पण जे आपल्याला कळले आहे ते दुसऱ्याला नीट सांगता येत नसेल तर त्या कळण्याचा उपयोग नाही, अशी बाईंची धारणा होती. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केले, फक्त विद्यार्थिनींच्या जागी यंत्र आले.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. हॉपरबाईंना नौदलात जायचे होते. वय पस्तिशीच्या घरात, म्हणजे भरतीच्या दृष्टीने जास्त. वजन सुमारे ४८ किलो, म्हणजे नियमापेक्षा जवळजवळ ७ किलो कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापिका असल्याने त्यांचे काम युद्धकाळात आवश्यक मानले गेले होते. त्यांनी वजनाची सूट मिळविली, महाविद्यालयाकडून रजा मिळविली आणि १९४३ च्या डिसेंबरात नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात वर्गात पहिल्या आल्या.

जहाजावर जाण्याची त्यांची इच्छा होती, पण नेमणूक झाली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात. २ जुलै १९४४ रोजी त्या तिथे पोहोचल्या, तेव्हा समोर मार्क वन नावाचे यंत्र होते. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, ५ टन वजनाचे. सेकंदाला तीन बेरजा करी. गुणाकाराला सुमारे सहा सेकंद आणि भागाकाराला पंधराच्या आसपास लागत. आज आपल्या हातातील मोबाइलपुढे हे हास्यास्पद वाटेल, पण त्या वेळी ते जगातले आश्चर्य होते. प्रमुख होते हॉवर्ड एकेन, अतिशय कडक माणूस. त्यांनी बाईंना यंत्र दाखविले, एक अवघड गणित हाती दिले आणि येत्या गुरुवारपर्यंत उत्तर हवे म्हणून सांगितले. बाईंनी त्याआधी संगणक पाहिलेलाही नव्हता.

या यंत्राला आज्ञा द्यायच्या म्हणजे कागदी फितीवर छिद्रे पाडायची. कोणते छिद्र कुठे, हे सारे आकड्यांत. युद्धाची गणिते रात्रंदिवस चालत. त्यातले एक गणित १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन घेऊन आले होते, ते अणुबाँबच्या रचनेसंबंधी होते. त्याचा उद्देश तेथे काम करणाऱ्यांना सांगितलेला नव्हता. युद्धानंतर बाईंनी या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिली, ५६१ पानांची. अशा प्रकारच्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक आहे.

इथेच त्यांच्या पुढच्या कामाचे बीज पडले. वारंवार लागणारे तुकडे, जसे वर्गमूळ काढणे किंवा ज्या काढणे, ही मंडळी वहीत लिहून ठेवीत. दुसऱ्याला गरज पडली की तो वही मागून घेई आणि तो तुकडा आपल्या प्रोग्राममध्ये उतरवून काढी. उतरवताना चुका होत. ४ हा अंक घाईत डेल्टा या चिन्हासारखा दिसे, बी हे इंग्रजी अक्षर १३ सारखे दिसे. शिवाय तुकडा नव्या जागी बसवताना त्यातील प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे आणि त्या बेरजा चुकत. बाईंच्या लक्षात आले की माणसे उतरवून काढण्यात आणि बेरजा करण्यात कच्ची आहेत, आणि नेमकी हीच दोन कामे यंत्र बिनचूक करते. मग ही हमाली यंत्राकडेच का देऊ नये?

त्याआधी एक प्रसिद्ध गोष्ट आटोपून घेते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकून मेलेला पतंग सापडला. तो पतंग काढून कार्यवहीत चिकटपट्टीने चिकटविला गेला, आणि ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. प्रोग्रामच्या चुकीला बग म्हणजे किडा हा शब्द बाईंनी या दिवशी शोधून काढला, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. ते बरोबर नाही. यंत्राच्या दोषाला बग म्हणण्याची चाल त्यापूर्वीची आहे, आणि पतंग बाईंनी स्वतः पकडला नव्हता. त्या गोष्ट रंगवून सांगत, त्यामुळे ती त्यांच्या नावावर जमा झाली. प्रश्नमंजूषेच्या तयारीला लागलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

१९४९ साली हार्वर्डमधील त्यांचे काम संपले. तिथे स्त्रीला कायमच्या जागेवर घेण्याची पद्धत नव्हती. घर मोडलेले, वय ४२, हातात जी विद्या होती ती शिकलेली माणसे जगात मूठभर. या काळात त्यांना मद्याचे व्यसन जडले होते आणि ते वाढत गेले. मित्रांनी त्यांना सांभाळले. हे शाळेच्या पत्रिकेत लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण थोरांच्या चरित्रातून असे भाग गाळून टाकले की मुलांना वाटते, ही माणसे वेगळ्याच मातीची होती. ते खरे नाही. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत या बाईंनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम केले.

फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत त्या गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक बनवीत होती. १९५० साली ती रेमिंग्टन रँड कंपनीने विकत घेतली. इथे बाईंनी वह्यांमधले ते तुकडे चुंबकीय फितीवर साठविले आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला. आता माणसाने फक्त क्रमांक सांगायचे. यंत्राने फितीवरून तुकडे शोधायचे, जागेवर बसवायचे, पत्त्यांच्या बेरजा स्वतः करायच्या आणि तयार प्रोग्राम समोर ठेवायचा. १९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या प्रोग्रामचे नाव ए-०, आणि या जातीला त्यांनी कंपायलर म्हटले. आजच्या अर्थाने पूर्ण कंपायलर तो नव्हता, पण दार उघडले. १९५२ च्या मे महिन्यात त्यांनी यावर निबंध वाचला. लोकांचा विश्वास बसेना. संगणक गणित करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असे जाणकारच सांगत. तयार वस्तू समोर चालत असताना ती अशक्य आहे असे ऐकून घेण्याचे दुःख त्यांनी बरेच दिवस सोसले.

पुढची पायरी आणखी धाडसाची होती. गणितज्ञांना चिन्हे आवडतात, पण पगारपत्रके, मालाचा साठा, विम्याचे हप्ते सांभाळणाऱ्या लोकांना चिन्हांची भीती वाटते. त्यांना इंग्रजी शब्दांत आज्ञा देता आल्या पाहिजेत, असे बाईंचे म्हणणे. वरिष्ठांनी सांगितले, संगणकाला इंग्रजी कळत नाही. बाईंनी एक छोटा नमुना करून दाखविला. आणि मग त्यांनी अशी एक गोष्ट केली की जी वाचून मी एकटीच हसले. त्यांनी तोच नमुना फ्रेंच शब्द घालून चालवून दाखविला, आणि पुन्हा जर्मन शब्द घालून. यंत्राला काय, ठरावीक अक्षरे ओळखायची आणि ठरावीक काम करायचे. अक्षरे कोणत्या भाषेची आहेत, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पण बैठकीतील मंडळी घाबरून गेली. अमेरिकेत, फिलाडेल्फियात तयार झालेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजते, हे त्यांना काही तरी गैर वाटले. त्यांची समजूत घालण्यात पुष्कळ वेळ गेला आणि फक्त इंग्रजीच वापरू, असे बाईंना कबूल करावे लागले.

मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झाले. घरी मराठी, वर्गात हिंदी, पुस्तकात इंग्रजी. आपल्या गावात कित्येक पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून हीच रीत आहे, आणि आपली मराठी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना थोडी वेगळी वाटते हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे संगणकाला सगळ्या भाषा सारख्याच, हे एका बाईने त्या काळी करून दाखविले होते, हे वाचून मला जरा बरे वाटले, एवढेच सांगते.

इंग्रजी शब्दांची ही भाषा फ्लो-मॅटिक या नावाने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाहेर पडली. पण आता दुसरीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रासाठी आपली भाषा काढू लागली. एका कंपनीच्या यंत्रावर लिहिलेला पगाराचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर निरुपयोगी. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहा. १९५९ च्या एप्रिलमध्ये काही जाणकार एकत्र आले, मेरी हॉज नावाच्या बाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात मोठी बैठक झाली आणि सर्वांना सामाईक अशी एक व्यापारी भाषा करावयाचे ठरले. तिचे नाव कोबोल. हॉपरबाईंना कोबोलची आई म्हणतात, पण भाषेचा आराखडा करणाऱ्या समितीत त्या नव्हत्या. त्या सल्लागार होत्या. प्रत्यक्ष मसुदा करणाऱ्या सहा जणांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी या दोन स्त्रिया होत्या, त्यांची नावे कोणी घेत नाही म्हणून इथे घेते. मसुद्याला आधार मात्र मोठ्या प्रमाणावर बाईंच्या फ्लो-मॅटिकचा होता.

१९६० साली कोबोल प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षाच्या ६ व ७ डिसेंबरला एक परीक्षा झाली. एकच प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर, युनिव्हॅक टू आणि आरसीए ५०१ यांवर, अगदी किरकोळ बदल करून चालविला गेला. आपल्या विद्यार्थिनीला घर आणि शाळा यांत जे हवे होते, ते त्या दिवशी प्रथम जाहीरपणे साधले.

पण गोष्ट इथे संपत नाही. कोबोल एक झाली खरी, परंतु लवकरच तिच्या पोटभाषा झाल्या. १९६० ची, १९६१ ची, १९६५ ची अशा आवृत्त्या आल्या. त्यावर प्रत्येक कंपनीने आपल्या कंपायलरमध्ये आपल्या पदरच्या चार सोयी घातल्या, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये. नाव एकच, कोबोल, आणि आतून प्रत्येकाची निराळी. अमेरिकन नौदलाकडे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे होती. एका ठिकाणी चालणारा प्रोग्राम दुसऱ्या ठिकाणी अडे.

हॉपरबाई १९६६ च्या अखेरीस साठ वर्षांच्या झाल्या म्हणून राखीव दलातून निवृत्त झाल्या होत्या. १९६७ च्या ऑगस्टमध्ये नौदलाने त्यांना परत बोलाविले. काम सहा महिन्यांचे, एवढेच की कोबोलचा हा गोंधळ निस्तरायचा. सहा महिन्यांची मुदत बेमुदत झाली आणि त्या पुढे १९ वर्षे थोड्या खंडाने सेवेत राहिल्या. पेंटॅगॉनमधील त्यांच्या कार्यालयात समुद्री चाच्यांचा झेंडा होता आणि भिंतीवर उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ. आम्ही नेहमी असेच करत आलो, असे सांगणाऱ्यांसाठी ते होते. घड्याळ उलटे फिरले तरी वेळ बरोबरच दाखवी.

त्यांनी आणि त्यांच्या चमूने जे केले ते शिक्षकाला चटकन समजेल. त्यांनी परीक्षा काढली. कोबोलच्या प्रमाण मसुद्यात जे जे नियम आहेत, त्या प्रत्येकासाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. उत्तर काय यायला हवे ते आधीच ठाऊक. कंपनीने आणलेला कंपायलर या प्रोग्रामांमधून चालवायचा, प्रत्येक ठिकाणी आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे आणि उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते छापून काढायचे. कंपनीचा विक्रेता तोंडाने काही सांगो, गुणपत्रिका समोर असे. सरकार हे संगणकांचे फार मोठे गिऱ्हाईक, त्यामुळे सरकारी खरेदीशी ही परीक्षा जोडली गेल्यावर कंपन्यांना आपले कंपायलर नियमात आणणे भाग पडले. नौदलातील हे काम पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या चाचण्यांचा पाया झाले. ए-० किंवा कोबोल यांची जेवढी कीर्ती झाली तेवढी या परीक्षांची झाली नाही. माझ्या मते त्यांचे हे काम त्या दोहोंच्या तोडीचे आहे, पण मी शाळा चालविते, म्हणून कदाचित तसे वाटत असेल.

आवृत्त्या मात्र येतच राहिल्या. १९६८ साली पहिला राष्ट्रीय प्रमाण मसुदा, मग १९७४ चा, मग १९८५ चा. नवी आवृत्ती म्हणजे नवे राखीव शब्द. समजा नव्या आवृत्तीने एखादा शब्द स्वतःच्या आज्ञेसाठी राखून ठेवला आणि पंधरा वर्षांपूर्वी कोणी तोच शब्द आपल्या प्रोग्राममध्ये एखाद्या रकान्याचे नाव म्हणून वापरला असेल, तर काल चालणारा प्रोग्राम आज नव्या कंपायलरमध्ये अडतो. ज्याने लिहिला तो निवृत्त झालेला असतो. १९८५ च्या आवृत्तीला याच कारणाने मोठा विरोध झाला. एका मोठ्या विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यात पुढाकार घेतला, कोर्टात जाण्याची भाषा झाली आणि मसुदा काही वर्षे रखडला. म्हणून मोठ्या संस्थांतून जुना आणि नवा असे दोन्ही कंपायलर एकाच यंत्रावर ठेवण्याची रीत पडली. कोणता प्रोग्राम कोणाकडे जाणार, हे नोंदवून ठेवायचे आणि सवडीने एकेक प्रोग्राम नव्याकडे न्यायचा.

बाईंची व्याख्याने फार गाजत. त्या सोबत तारेचे तुकडे नेत, प्रत्येकी सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे, आणि श्रोत्यांना वाटत. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जास्तीत जास्त तेवढे अंतर जातो. मायक्रोसेकंद दाखवायला त्या तारेचे मोठे भेंडोळे आणीत, ते उलगडले तर जवळजवळ ३०० मीटर भरे. उपग्रहाकडून संदेश यायला इतका वेळ का लागतो, असे विचारणाऱ्या अ‍ॅडमिरलना त्या हा तुकडा दाखवून वाटेत असे किती तुकडे आहेत ते मोजायला लावीत. सैनिक असोत की शाळकरी मुले, शिकविण्याची पद्धत तीच.

मान मिळत गेले. १९६९ साली संगणक क्षेत्रातील एका संस्थेने त्यांना वर्षातील सर्वोत्तम पुरुष हा किताब दिला, कारण तोपर्यंत त्या किताबाचे नाव दुसरे काही ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती! १९८३ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना कमोडोर केले, १९८५ साली त्या पदाचे नाव बदलून रिअर अ‍ॅडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निवृत्ती समारंभ झाला. त्या वेळी अमेरिकन सैन्यदलातील त्या सर्वांत वृद्ध सेवारत अधिकारी होत्या. लगेच त्यांनी एका संगणक कंपनीत सल्लागाराची नोकरी धरली. १९९१ साली त्यांना तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक मिळाले. १ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी इतमामाने त्यांचे दफन करण्यात आले. नौदलाची एक विनाशिका १९९७ पासून त्यांच्या नावाने समुद्रात फिरते आहे, आणि २०१६ साली त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

त्यांच्या पश्चात कोबोलचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. जागा वाचवावी म्हणून जुन्या प्रोग्रामांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. २००० साल जवळ आले तेव्हा ००ला यंत्र १९०० समजेल, अशी धास्ती जगभर पसरली. ते जुने प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना परदेशात ओळख मिळाली ती पुष्कळशी त्या कामातून. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक पालकांना तो काळ आठवत असेल, कोणी त्यात काम केलेलेही असेल. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत नोकऱ्या गेल्या तेव्हा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. बेकारी भत्त्याचे प्रोग्राम जुनेच होते, अर्जांचा लोंढा नवा होता.

आता आपल्या शाळेविषयी. संगणकाच्या सरांनी सर्व यंत्रांवर दोन्ही आवृत्त्यांना वेगवेगळी नावे दिली आहेत. नुसते पायथन टाइप केले की आता नवी आवृत्ती उघडते. जुनी हवी असेल तर तिचा क्रमांक लिहावा लागतो. प्रत्येक पडद्याखाली तशी चिठ्ठी डकविली आहे. पावत्यांचे यंत्र वेगळे काढून कार्यालयात ठेवले आहे, त्याला विद्यार्थ्यांनी हात लावू नये. त्या प्रोग्रामची परीक्षा घेण्यासाठी अकरावीची मुले मागील वर्षाच्या पन्नास पावत्या हाताने तपासून उत्तरांची यादी करत आहेत, म्हणजे पुढे तो नव्या आवृत्तीत लिहिला गेला की दोन्ही उत्तरे ताडून पाहता येतील. खर्चाचा विषय पुढील महिन्याच्या बैठकीत पुन्हा येईल. विश्वस्तांनी त्यापूर्वी एकदा कक्षात येऊन दोन्ही उत्तरे, ८७ आणि ८७.४, डोळ्यांनी पाहून जावीत. आठवीच्या मुलांनी ३० सेंटिमीटरच्या तारा कापून ठेवल्या आहेत, त्या दाराशी डब्यात आहेत. जाताना एक घेऊन जावी.